नाव घेता घेता
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



आपल्या चिटणीसबाईंनी पंधरा दिवसांपूर्वी मला गाठले आणि सांगितले की, वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे. विषय, ‘शब्दांच्या कोट्या करून चार ओळींची गमतीची कविता कशी करावी’. मी म्हटले, ‘अहो, मी कुठली कवयित्री? माझी अख्खी कविता उखाण्यापलीकडे गेलेली नाही.’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही उखाणे जोडता ना, मग तेच सांगा.’ ‘जोडता’ हा शब्द त्यांनी सहज वापरला, पण मला तो फार आवडला. गोधडी जोडतात तसा उखाणा जोडायचा असतो. जुन्या लुगड्याचा तुकडा कुठला, नव्या झंपराचा कुठला, दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे आणि जुळले तर टाका घालायचा. म्हणून मी ‘हो’ म्हटले. कोटी करायला कोट्यधीश असावे लागत नाही, एवढाच काय तो माझा धीर.

आता प्रथम उखाण्याविषयीच बोलते. आपण उखाणा म्हणजे ‘नाव घेणे’ एवढेच समजतो. परंतु मराठीत उखाणा म्हणजे कोडेसुद्धा. हे दोन अर्थ एकाच शब्दाला का चिकटले, याचे कारण मला माझ्या आजेसासूबाईंनी नकळत शिकवले. त्या कधी यजमानांचे नाव उच्चारीत नसत. ‘घरधनी’, ‘हे’, ‘थोरल्याचे बाबा’ असे काहीतरी म्हणायच्या. एकदा त्यांना दवाखान्यात नेले. कागद लिहिणाऱ्या मुलीने विचारले, ‘आजी, नवऱ्याचे नाव?’ आजी गप्प. पुन्हा विचारले. शेवटी म्हणाल्या, ‘महादेवाचा वार असतो ना, त्याच्यात एक “वार” जास्त आहे, तो काढून टाक आणि राहील ते लिही.’ ती मुलगी बिचारी गोंधळली. मी बाजूला उभी राहून हसत होते. तुम्ही ओळखले असेलच, न ओळखणाऱ्यांनी शेजारणीला विचारावे. नाव न घेता नाव सांगायचे, म्हणजे कोडे घालणे आलेच! आमच्या आजेसासूबाई सोमवारला जन्मभर ‘महादेवाचा वार’च म्हणत. (पाहा, बोलता बोलता मीच फोडून बसले.)

याच बाबतीत मला मोरोपंतांची आठवण होते. बारामतीचे मोरोपंत, 1729 ते 1794 हा त्यांचा काळ. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली असे सांगतात. त्यांतले एक ‘निरोष्ठ रामायण’. म्हणजे काय, तर ओठाला ओठ लागेल असे अक्षरच त्यात घ्यायचे नाही. प, फ, ब, भ, म ही पाचही अक्षरे वर्ज्य. आता गंमत अशी की ‘राम’ म्हणायला ‘म’ लागतो. तेव्हा रामाचे नाव न घेता रामायण सांगायचे! पंडित मंडळींना याचे मोठे नवल वाटते. मला मात्र वाटते की आपल्या पणज्यांनी हेच केले. धन्याचे नाव न घेता चाळीस-चाळीस वर्षे संसार सांगितला. फरक इतकाच की मोरोपंतांच्या पोथ्या छापल्या गेल्या.

वामन पंडितांना तर लोक ‘यमक्या वामन’च म्हणत, इतके त्यांना यमकाचे वेड. तात्पर्य, शब्दांशी खेळणे हा काही पोरकट उद्योग नाही, थोरामोठ्यांनी तो केलेला आहे. आणि अक्षरओळख असली तरच तो करता येतो असेही नाही. खानदेशातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात काम करता करता त्या गाणी रचीत. मुलाने, म्हणजे सोपानदेवांनी ती उतरवून घेतली म्हणून राहिली. 1951 साली बहिणाबाई गेल्या, 1952 साली पुस्तक निघाले, आणि त्याला प्रस्तावना आचार्य अत्र्यांची. हेच अत्रे ‘केशवकुमार’ नावाने ‘झेंडूची फुले’ लिहून मोठमोठ्या कवींची टोपी उडवणारे! ज्याला शब्दांची गंमत कळते त्याला बहिणाबाईंचे मोल तत्काळ कळले. शब्दाचा खेळ हा कानाचा आहे, पाटीपेन्सिलीचा नंतरचा.

कानाचा म्हणते त्याचा पुरावा आपल्या कळवणातच आहे. आपल्याकडे पुष्कळांच्या बोलण्यात ‘ण’ चा ‘न’ होतो, पाण्याचे ‘पानी’ होते. शाळेत बाई त्यासाठी रागावतात. पण उखाण्याला तो दोष फार उपयोगी पडतो. माझ्या माहेराहून रोज फोन येतो, त्यावर मी एकदा जोडले होते:

आई म्हणते फोनवर, ‘खुशाली तरी कळव ना!’
अगं, दिलेस मला कळवणला, आणि वर म्हणतेस ‘कळव ना’?

ही कोटी पुण्यात चालायची नाही, तिथे ‘ण’ फार जपून उच्चारतात. आपल्या इथे ती खपते. आणि अहिराणीत तर ‘ळ’ चा ‘य’ होतो. आमच्या शेजारच्या आजी नवरात्रातल्या माळेला ‘माय’ म्हणत. गडावरची पहिली माळ ही त्यांची ‘पहिली माय’. यात कोटी कुणी केलेली नाही, बोलीने ती आयती करून ठेवली आहे. ज्यांना अहिराणी येते त्यांनी लाजून पुस्तकी मराठीत उखाणे घेऊ नयेत असे मला फार वाटते. तुमच्याजवळ दोन पेट्या भरून शब्द आहेत आणि तुम्ही एकच उघडता.

आता प्रत्यक्ष करायचे कसे, ते सांगते. माझी रीत साधी आहे. मी शेवटापासून सुरुवात करते. ज्या शब्दाला दोन अर्थ आहेत असा एखादा शब्द धरायचा आणि तो ओळीच्या अगदी शेवटी ठेवायचा. मध्ये ठेवला तर हशा मध्येच फुटतो आणि उरलेली ओळ कोणी ऐकत नाही. स्वयंपाक करताना असे शब्द फार सुचतात. एकदा चिंचेचे सार ढवळता ढवळता मनात आले की, सार म्हणजे हे, आणि सार म्हणजे कीर्तनकार सांगतात तेही. मग झाले असे:

कीर्तनाहून आले म्हणत, ‘संसार हा असार’,
ताट पाहून विचारतात, ‘आज का नाही सार?’

ही दोनच ओळींची आहे. तिला पुढे वाढवू नका असे मला घरातूनच सांगण्यात आले. ते बरोबरही होते. विनोद समजावून सांगितला की तो शिळ्या भाकरीसारखा वातड होतो.

दोन अर्थांचा शब्द सापडला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. एक खाच आहे, तीत मी स्वतः पुष्कळदा पडले आहे. ‘हार’ हा शब्द घ्या. फुलांचा तो हार, आणि पराभव झाला तर ती हार. मी आधी लिहिले होते की निवडणुकीपूर्वी यांनी हार आणून ठेवला आणि शेवटी खरोखरच हार ‘मिळाला’. वाचून पाहिले तर लंगडे! कारण पराभव काही ‘मिळाला’ नाही, तो मिळाला असता तर ‘हार मिळाली’ असे म्हणावे लागले असते. मग क्रियापदच काढून टाकले:

निवडणुकीच्या आधीच यांनी आणून ठेवला हार,
गुलाल उधळला दुसऱ्यांनी, यांच्या पदरी हार!

आता तो की ती, हे कोणी विचारीत नाही. तेव्हा शब्द हाती आला की ‘तो, ती, ते’ लावून पाहावे. ‘भाव’ दोन्हीकडे ‘तो’च, म्हणून तो बिनधोक. ‘मान’ फसवी आहे: गळ्याची ती मान, आणि आदराचा तो मान. ‘नाव’ त्याहून फसवे. घ्यायचे ते नाव आणि पाण्यात घालायची ती नाव. पण फसव्या शब्दांचीच गंमत अधिक, कारण ऐकणारीला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. एका उन्हाळ्यात लग्नघरी मला सगळ्यांनी घेरले, तेव्हा जोडलेला हा उखाणा:

नाव घे, नाव घे म्हणता, नाव कुठून घेऊ?
गिरणेला पाणी नाही, पार कशी नेऊ?
चणकापूरचे पाणी एकदा सुटू द्या आधी,
मग अमुकरावांना घेऊन बसते नावेमधी!

(‘अमुकराव’ म्हणजे कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. छापील कागदावर नको.)

या उखाण्याला हशा झाला त्याचे कारण कोटी नव्हे. त्या वर्षी कालव्याच्या आवर्तनाची सगळेच वाट पाहत होते. मांडवातला एकेक माणूस पाण्याच्या काळजीत होता. बाजारात तयार उखाण्यांची पुस्तके मिळतात, हल्ली तर मोबाईलवरही शेकड्याने येतात. त्यांत सर्वत्र तीच चांदीची ताटे, त्याच महादेवाच्या पिंडी आणि त्याच रुखवताच्या राशी. पहिल्या ओळीचा दुसरीशी काही संबंध नाही, नुसते यमक जुळले की संपले. ते म्हणणारीला आणि ऐकणारीला, दोघींनाही काही घेणे नसते. त्यापेक्षा आपल्या घरात, आपल्या गावात त्या दिवशी जे चालले आहे ते ओळीत आणा. आपल्या तालुक्याला कांद्याहून जवळचे काय आहे? कांदा चिरताना रडतो ते निराळे, आणि विकताना रडतो ते निराळे. अभोण्याच्या बाजारातून रिकामा ट्रॅक्टर आणि उतरलेला चेहरा घेऊन घरधनी परत आले, त्या रात्री मी हे लिहिले:

आई सप्तशृंगी पाहते मनातला भाव,
व्यापारी पाहतो कांदा आणि पाडतो भाव,
दोघांपुढे हात जोडून उभे अख्खे गाव,
पहिल्याच रांगेत पाहा अमुकरावांचे नाव!

त्या रात्री घरात कोणी फारसे बोलत नव्हते. मी जेवताना हे म्हटले, तेव्हा हे प्रथम गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘पहिल्या रांगेत कशाला, मी तर रांगेच्याही बाहेर होतो.’ आणि हसले. भाव काही वाढला नाही. पण भाकरी तरी पोटात गेली.

उखाण्याहून थोडी मोठी रचना करायची हौस असेल तर पाच ओळींचा एक प्रकार इंग्रजीत आहे. त्याला लिमरिक म्हणतात. आयर्लंडात त्या नावाचे गावही आहे. एडवर्ड लिअर नावाच्या चित्रकाराने 1846 साली अशा अचरट कवितांचे पुस्तक काढले आणि मुले त्यावर लुब्ध झाली. पहिली, दुसरी आणि पाचवी ओळ एका यमकाची, मधल्या दोन आखूड ओळी दुसऱ्या यमकाच्या. पाळणा जसा मागे जातो, थांबतो आणि झपकन पुढे येतो, तशी तिची चाल. आपल्याकडे मंगेश पाडगांवकरांनी आपल्या छोट्या खट्याळ कवितांच्या संग्रहाला ‘वात्रटिका’ असे नाव दिले. त्या शब्दातच खोडी आहे. आरंभी वात्रट, अखेरीस ‘टिका’, आणि कानाला ती टीकाच ऐकू येते. पुढे रामदास फुटाण्यांनी राजकारणावर वात्रटिका म्हणून सभा गाजवल्या. फुटाणे हे आडनाव या धंद्याला किती शोभते पाहा! मी आपली सप्तशृंगीच्या गडावरची एक पाच ओळींची केली आहे:

लेकीसाठी काकू गेल्या सप्तशृंगी गडावर,
हात जोडून म्हणाल्या, ‘आई, चांगला दे वर!’
पुजारी म्हणे, ‘बाई,
याच्या वर वाट नाही,
इथून पुढे खालीच रस्ता, उतरा भराभर!’

2018 पासून गडावर चढायला ट्रॉली झाली आहे, त्यामुळे या काकूंना आता पायऱ्यांची धाप लागत नाही. वर मिळण्याची अडचण मात्र ट्रॉलीने सुटलेली नाही.

काही कोट्या मात्र आता निवृत्त कराव्यात. ‘महिला दिन’ आणि ‘महिला दीन’ ही त्यांतली पहिली. दर आठ मार्चला ती कोणी ना कोणी म्हणते आणि आपणच आधी हसते. वापरून वापरून ती इतकी झिजली आहे की घासणीलासुद्धा उपयोगी पडणार नाही.

आता मला थोडे निराळे बोलायचे आहे. विनोदी ओळ जोडता येऊ लागली की हाताला एक प्रकारची खाज सुटते. समोर जो दिसेल त्याच्यावर ओळ करावीशी वाटते. माझ्या एका नात्यातल्या वहिनींना कमी ऐकू येते. काही वर्षांपूर्वी एका डोहाळेजेवणात मी ‘कान’ या शब्दावर चार ओळी केल्या, आणि भर बायकांत म्हटल्या. अहो, काय हशा पिकला! माझी कॉलर म्हणा किंवा पदर म्हणा, ताठ झाला. वहिनीही हसल्या, जरा उशिरा, पण चांगल्या मोकळ्या हसल्या. मला वाटले, किती खेळकर बाई! रात्री भांडी आवरताना त्या मला म्हणाल्या, ‘तू काय म्हणालीस गं मघा? सगळ्या हसत होत्या म्हणून मीही हसले. मला सांग ना.’

मी सांगितले नाही. दुसरेच काहीतरी म्हणून दाखवले. त्यावर त्या पुन्हा तितक्याच मोकळेपणाने हसल्या. ती चिठ्ठी मी चुलीत घातली, आणि त्या चार ओळी आज तुम्हालाही ऐकवणार नाही. त्या यमकाला चांगल्या होत्या, एवढेच सांगते.

त्यानंतर मी मनाशी एक ठरवले की ज्याच्यावर ओळ करायची त्याला ती ऐकू आली पाहिजे आणि त्याला उलट ओळ करता आली पाहिजे. नवऱ्यावर करा, त्याला तोंड आहे. व्यापाऱ्यावर करा, पुढाऱ्यावर करा, त्यांना तर आपल्याहून मोठे तोंड आहे. स्वतःवर करा, ते सगळ्यांत उत्तम. पण इतके ठरवूनसुद्धा मी आणखी एक चूक केली, आणि ती ओळ करून नव्हे, ओळ न मागून केली. ती या मंडळातच झाली आहे, म्हणून ती येथेच सांगणे योग्य.

गेल्या वर्षी संक्रांतीला आपण हळदीकुंकवाचे नाव बदलून ‘तिळगूळ समारंभ’ केले, आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावणे केले. सगळ्या म्हणजे सगळ्या. 2022 साली कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला होता की विधवा बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या चाली आपल्या गावात बंद. त्याची बातमी आपण येथे वाचली होती आणि सर्वांनी मान हलवली होती. त्यामुळे बोलावणे करताना कोणी कुरकुर केली नाही. त्या आल्याही. आल्या आणि भिंतीकडच्या मागच्या रांगेत बसल्या. कोणी सांगितले नव्हते, सवयीने बसल्या.

खाणेपिणे झाल्यावर ‘नाव घ्या, नाव घ्या’ असा ओरडा सुरू झाला. फेरी मीच घेत होते. एकेकीपुढे जायचे, चमचा माईकसारखा धरायचा आणि नाव घ्यायला लावायचे. पुढची रांग झाली, मधली झाली. मागच्या रांगेत आले तेव्हा माझे पाय आपोआप दोन खुर्च्या ओलांडून पुढे गेले. मला ते कळलेसुद्धा नाही. या बायकांना मी स्वतः घरी जाऊन बोलावले होते, आणि चमचा मात्र त्यांच्यापुढून तसाच नेला. त्यांतल्या एक बाई, साठीच्या पलीकडच्या, उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘अगं, मलापण येते की.’ आणि माझ्या हातातला चमचा घेऊन म्हणाल्या:

नाव घ्यायला धनी नाही, म्हणून बसले मागे,
सातबाऱ्यावर बघा जरा, नाव कुणाचे लागे!

हसावे की काय करावे, हे क्षणभर कोणाला कळेना. मग त्या स्वतःच हसल्या आणि सगळा दिवाणखाना हसला. आपल्या अध्यक्षाबाईंनी उठून त्यांच्या हातात वाण दिले. मी चमचा परत घ्यायचा विसरले.

घरी आल्यावर त्या दोन ओळींचा मी पुष्कळ विचार केला, निव्वळ जोडकाम म्हणूनसुद्धा. ‘नाव घेणे’ आणि ‘नाव लागणे’. शब्द एकच, पण पहिल्या ओळीत नाव त्यांच्याजवळ नाही आणि दुसरीत आहे. ‘मागे’ बसलेल्या बाईचे नाव कागदावर पुढे आले आहे. सांगायचे ते सर्व सांगून झाले, आणि एकही शब्द जास्त नाही. मी इतकी वर्षे जोडते आहे, पण असे मला एकदाही जमलेले नाही. मोरोपंतांचे नाव घेते मी, पण खरे सांगायचे तर ते माझ्यासाठी थोडे लांबचे आहेत, या बाई पलीकडच्या गल्लीत राहतात.

आणि ते ‘नाव लागणे’ सुखासुखी झालेले नसते, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या जिल्ह्यातच, चांदवडला, 1986 साली शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले होते. पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणून गावोगाव आवाहन केले की घरच्या लक्ष्मीच्या नावाने जमीन करून द्या. 1994 साली महाराष्ट्रात आणि 2005 साली सबंध देशात हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलार्जित जमिनीत मुलाइतका हक्क मिळाला. कायदा झाला तरी तलाठ्याकडे चपला झिजवाव्याच लागतात. या बाईंनी यजमान गेल्यावर दोन वर्षे झिजवल्या. मध्यंतरी कोणी त्यांना ‘हक्क सोडला म्हणून सही करा’ असेही सांगून पाहिले. त्यांनी केली नाही. हे सर्व मला नंतर कळले. ते त्यांनी सभेत सांगितले असते तर आपण हळहळलो असतो आणि चहा पिऊन घरी गेलो असतो. त्यांनी दोन ओळींत सांगितले, आणि वर्ष झाले तरी गल्लीतल्या पोरींच्या तोंडी ते आहे.

या स्मरणिकेत त्या ओळी छापू का, असे विचारायला मी त्यांच्या घरी गेले होते. म्हणाल्या, ‘छाप की.’ मी म्हटले, ‘खाली तुमचे नाव?’ तर म्हणतात, ‘नको. ते सातबाऱ्यावर आहे, तेवढे पुरे.’ पाहा, पुन्हा कोटी! मला एक उखाणा करायला दोन दिवस लागतात, आणि या बाईंना दाराशी उभ्या उभ्या सुचते.

आता अध्यक्षाबाई घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा आवरते घेते. येत्या संक्रांतीला दोन गोष्टी करायच्या असे कार्यकारिणीत ठरले आहे. एक, चमचा मागच्या रांगेपासून फिरवायचा. आणि नाव कोणाचेही घेतले तरी चालेल: नवऱ्याचे, आईचे, लेकीचे, म्हशीचे, नाहीतर स्वतःचे. दुसरी, मंडळाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. येता-जाता ज्याला दोन अर्थ आहेत असा शब्द आठवला की तिच्यात लिहून ठेवा. ओळ नसली तरी चालेल, ओळ दुसरी कोणी जोडील. आरंभ म्हणून मी काही शब्द लिहिले आहेत: कळ, चाळ, मान, माळ, पूर, तार, वेळ. ‘चाळ’ वर कांद्याची चाळ आणि नाचणारीच्या पायांतले चाळ अशी काही सोय होते का, ते पाहा. ‘तो, ती, ते’ लावायला विसरू नका. ‘पान’ हा शब्दही वहीत आहे, पण त्याच्यापुढे मी खूण केली आहे. जेवणाचे पान, विड्याचे पान आणि पुस्तकाचे पान, तिन्ही एका उखाण्यात बसवायचे माझे दोन महिने चालले आहे. तेवढा कोणी घेऊ नये.